फ्लेक्सची सावली

ड्रॉइंगच्या मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की भिंतीवरची एखादी फ्रेम काढून तिची पाठ बघायच्या. विचारायच्या नाहीत. घरातली बाई पाणी आणायला आत वळली की इकडे मॅडमनी खुर्ची भिंतीजवळ ओढलेली असायची. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी बाबांचं डिग्री सर्टिफिकेट खिळ्यावरून उतरवलं, उलटं केलं आणि मागच्या पुठ्ठ्याकडे बघत उभ्या राहिल्या. पुठ्ठ्यावर एका जुन्या कॅलेंडरचा तुकडा चिकटवलेला होता आणि त्यावर अर्धा गणपती होता. बाबांची डिग्री इतकी वर्षं त्या गणपतीच्या पाठीला पाठ लावून टांगलेली होती आणि आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. 'म्होरून समदेच बरे दिसत्यात,' मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फ्रेम परत लावली. ती जरा वाकडी लागली. त्या गेल्यावर बाबांनी ती सरळ केली आणि आई म्हणाली, 'विचित्रच आहेत बाई.' मी हे सगळं आतल्या खोलीच्या दाराआडून बघत होते. पाहुण्यांसमोर यायला मला तेव्हा जमत नसे. आताही फारसं जमत नाही.

मॅडमबद्दल लिहायचं तर अडचण अशी आहे की त्या नक्की काय करत होत्या हे मला कळलेलं नाही. त्यांच्याबरोबर मी एक संपूर्ण उन्हाळा काम केलं, तरी नाही. त्यामुळे जे बघितलं तेच सांगते.

जामखेडमधली आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. आवारात मराठी बोललेलं चालत नसे. मॅडमचं इंग्रजी 'गुड मॉर्निंग' आणि 'सिट डाउन' यांच्यापुढे जात नव्हतं, म्हणून त्या प्रिन्सिपलसरांसमोर एक शब्दही काढत नसत. नुसतं हसून मान हलवत. मीही बोलत नसे, पण माझं कारण वेगळं होतं. शाळेत इंग्रजी, घरी पुस्तकातलं वाटावं असं शुद्ध मराठी, रस्त्यावर तिसरंच काही, आणि कुठे काय चालेल याचा अंदाज घेण्यातच माझा बोलण्याचा क्षण निघून जायचा. ड्रॉइंगच्या तासाला मात्र बोलावं लागत नसे. मॅडम आम्हाला तपासून झालेल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायला लावत. मी एकदा नवी कोरी ड्रॉइंग बुक घेऊन गेले, तर त्यांनी ती बाजूला सारली. 'कोरा कागद भेव घालतो पोरी. ज्याच्यावर आधी कुनीतरी चुकलंय, त्याच्यावर काढ.' हे ऐकून मला बरं वाटलं होतं, एवढं आठवतं.

मॅडम मधल्या गल्लीत राहायच्या. नवरा लवकर गेला, मुलगी नर्स होऊन राजूरला, अकोले तालुक्याच्या डोंगरात नोकरीला. घर सासरचं. खाली मॅडमच्या दोन खोल्या, वरच्या मजल्यावर दिराचं कुटुंब, आणि पाण्याची मोटर वरच्यांच्या ताब्यात. समोर, हात लांब केले तर टेकतील की काय असं वाटण्याइतक्या अंतरावर, शकूमावशीचं घर. शकूमावशी शेळ्या पाळायची आणि उन्हाळ्यात पापड करून विकायची. ती आणि मॅडम दिवसभर आपापल्या उंबऱ्यावरून एकमेकींशी बोलत. त्याला बोलणं म्हणायचं की भांडण, हे नव्या माणसाला कळत नसे.

'ए मास्तरीन, तुझं चितार झालं आसंल तर ह्या पिठाकडं बघ जरा.'

'माझं चितार दोन दिवसांनी बी तसंच ऱ्हातं शके. तुझं पीठ आंबतं. तूच बघ.'

'तुझ्या चिताराला इचारतंय कोन म्हनून ते तसंच ऱ्हातं.'

चैत्रात मधल्या गल्लीत पापडांचे वार लागत. आज या घरचे, उद्या त्या घरचे. ज्या घरचे पापड असतील तिथे साऱ्या गल्लीतल्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायच्या. लाटायला सावली हवी आणि वाळवायला ऊन, म्हणून गल्लीवर एक मोठं जुनं कापड ताणलं जायचं. त्याची दोन टोकं मॅडमच्या खिडकीच्या गजांना आणि दोन शकूमावशीच्या. खाली बाया लाटायच्या आणि तयार पापड गच्चीवर जायचे. लहानपणी मी लाट्या खायच्या लोभाने तिथे जाऊन बसायची. कुणी काही विचारत नसे, ही त्या जागेची मोठी सोय होती.

पुण्यात कॉलेज संपवून, घरूनच करता येईल अशी नोकरी धरून मी परत आले तेव्हा जामखेड बदललेलं होतं. आरक्षणावरून आंदोलनं चालू होती. कोण कुणाच्या बाजूने, हे आडनावावरून ठरत होतं. माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपमध्ये लोक आधी एकमेकांचं आडनाव काढून घेत आणि मग बोलायचं की गप्प बसायचं ते ठरवत. मला त्या गप्प बसण्यात ओळखीचं काहीतरी वाटायचं, पण ते चांगलं नव्हतं. मॅडम एका समाजाच्या, शकूमावशी दुसऱ्या समाजाची. हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, किंवा माहीत असून लक्षात ठेवण्यासारखं वाटलं नव्हतं.

एके दिवशी शकूमावशीच्या मुलाने, संदीपने, घराच्या भिंतीवर त्यांच्या नेत्याचा फ्लेक्स लावला. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या पुतण्याने, अमोलने, वरच्या मजल्यावरून खाली मॅडमच्या खिडकीपर्यंत येईल एवढा आपल्या नेत्याचा फ्लेक्स सोडला. दोन्ही नेते पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून, हसत, समोरासमोर. मॅडमनी मला ते बाहेर नेऊन दाखवलं.

'दोघंबी हात जोडून हुबे हायेत. मग भांडतंय कोन?'

मी हसले. मॅडम हसल्या नाहीत. तेव्हा लक्षात आलं की समोरचा उंबरा रिकामा आहे आणि शकूमावशीचं दार दिवसाढवळ्या लोटलेलं आहे. ती बोलायची बंद झाली होती. सकाळी मॅडम ओट्यावर आल्या की ती शेळ्या घेऊन आत जायची. त्या वर्षी पापडाचे वार लागणार नाहीत असं गल्लीत बोललं जाऊ लागलं. कापड बांधायचं तर चार टोकं लागतात, आणि आता दोनच उरली होती.

त्याच सुमारास पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती चित्रकारांच्या एका गटाबरोबर काम करत होती आणि 'सध्याचा ताण' या विषयावर त्यांचं प्रदर्शन होणार होतं. गावाकडून कुणी काही पाठवेल का, असं ती विचारत होती. मी मॅडमना आधीच्या प्रदर्शनाचे फोटो मोबाईलवर दाखवले. एका मोकळ्या हॉलमध्ये छताला टांगलेली खुर्ची. मातीने भरलेले बूट. एक दार, ज्याला कुठलीच भिंत नाही. मॅडमनी फोटो बोटांनी मोठे करून बघितले.

'ह्यांची पाठ दिसती का?'

'नाही मॅडम. समोरूनच आहेत.'

'मग कसं कळायचं?' मग बराच वेळ दाराच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, 'ह्यो मानूस बरा दिसतोय. दार काढून आनलं म्हंजी घरच्यांशी भांडला आसंल.'

त्यानंतर त्यांनी फ्लेक्स जमवायला सुरुवात केली. आमच्याकडे फ्लेक्स कधी वाया जात नाही. वाढदिवस झाला, निवडणूक झाली, की तो कांद्याच्या चाळीवर जातो, नाहीतर वैरणीवर, नाहीतर गोठ्याच्या कुडाला. त्यामुळे आमच्या तालुक्यातले बरेचसे कांदे आणि बऱ्याचशा म्हशी कुठल्या ना कुठल्या भावी आमदाराच्या छायेत असतात. मॅडम शाळा सुटल्यावर ओळखीच्या वस्त्यांवर जायच्या आणि सोबत मला न्यायच्या. दोन्ही बाजूंच्या घरी गेलो. लोक विचारायचे, 'मॅडम, नेमका कुनाचा पाहिजे?' मॅडम म्हणायच्या, 'दोघांचाबी. फाटका चालंल.' एका घरातल्या आजींनी म्हशीवरचा फ्लेक्स काढून देताना सुनेला सांगितलं, 'दे गं, म्हशीला बी कटाळा आला आसंल तोंड बघून.'

मॅडमच्या पुढच्या खोलीत आम्ही ते शिवत बसलो. दाभण आणि नायलॉनचा दोरा. याचा खांदा त्याच्या कानाला, त्याची घोषणा याच्या हाताला. चेहरे एकीकडे आणि कोरी पांढरी पाठ दुसरीकडे. बांधताना छापील बाजू वर आभाळाकडे ठेवायची आणि पांढरी बाजू खाली, लाटणाऱ्या बायांच्या डोक्यावर, असं मॅडमचं म्हणणं होतं. माझ्यावर काम होतं ते प्रदर्शनासाठी इंग्रजीत टिपण लिहायचं. मी इंग्रजी शाळेतली म्हणून. मला रोज नवा अर्थ सुचायचा आणि शिवता शिवता तो विरून जायचा.

'मॅडम, हा निषेध आहे का?'

'कशाचा?'

'या सगळ्याचा. की हे एकोप्याबद्दल आहे?'

'सावली हाय,' मॅडम म्हणाल्या. 'दोरा तोड.'

'पण प्रदर्शनाला पाठवायचंय ना?'

'आधी बांधू. बांधल्याबगर काय कळतंय?' मग दाभण थांबवून त्या समोरच्या लोटलेल्या दाराकडे बघत राहिल्या. 'ती टोकं धरती का बघू.'

म्हणजे हे प्रदर्शनासाठी नव्हतंच, असं मला त्या क्षणी वाटलं. पण मग प्रदर्शनाचा विषय निघाल्यावरच त्यांनी का सुरू केलं? नुसतंच जुनं कापड घेऊन त्या शकूमावशीकडे का गेल्या नाहीत? मी विचारलं नाही. मॅडमना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मिळत, पण ती दुसऱ्याच प्रश्नांची असत.

चैत्रातल्या एका रविवारी सकाळी मॅडमनी दोन टोकं आपल्या खिडकीच्या गजांना बांधली. उरलेल्या दोन दोऱ्या हातात घेऊन त्या गल्ली ओलांडून गेल्या, शकूमावशीच्या उंबऱ्यावर त्या ठेवल्या आणि परत येऊन आपल्या ओट्यावर बसल्या. मी दारात उभी. आतून पीठ कुटल्याचा आवाज येत होता. संदीप बाहेर आला.

'मॅडम, हे काय ठिवलंय?'

'तुझ्या आईचं हाय. तिला इचार.'

कुटणं थांबलं. शकूमावशी पदराला हात पुसत दारात आली. आधी दोऱ्यांकडे बघितलं, मग मॅडमकडे. कितीतरी दिवसांनी ती थेट त्यांच्याकडे बघत होती.

'मास्तरीन, एक सांग. अमोलनं तुझ्या खिडकीवर बोर्ड सोडला तवा तू घरात हुतीस ना?'

'हुते.'

'मग?'

'च्या करीत हुते.'

'च्या करीत हुतीस.'

'आवाज आला खिळ्यांचा. मला वाटलं, कशाला मधी पडा. पानी त्यांच्या मोटरीचं येतं.' मॅडमनी समोरच्या फ्लेक्सकडे बघितलं. 'अन् तुझ्या संदीपनं लावला तवा तू कुठं हुतीस?'

शकूमावशीने पदराला पुन्हा हात पुसले. 'शेळ्यांना पाला टाकीत हुते,' ती शेवटी म्हणाली.

संदीप हसला आणि आईने बघितल्यावर गप्प झाला. शकूमावशीने खाली वाकून दोऱ्या उचलल्या. 'ऊन लई हाय म्हनून बांधती. दुसरं काय समजू नगं.' तिने दोन्ही गाठी स्वतः मारल्या, ओढून बघितल्या आणि आत जाऊन पोळपाट घेऊन आली. दुपारपर्यंत गल्लीतल्या बाया एकेक करून आल्या. कोण कुणाच्या शेजारी बसायचं यावर थोडी घुटमळ झाली, पण सावली अरुंद होती आणि बसायला जागा तेवढीच होती.

मॅडमच्या हातून एक चूक झाली होती आणि ती माझ्याही लक्षात आली नव्हती. आम्ही सगळं शिवलं ते खोलीत, ट्यूबलाइटखाली. तिथे फ्लेक्सची पाठ पांढरीशुभ्र दिसायची. पण जामखेडचं चैत्रातलं ऊन डोक्यावर आल्यावर ते त्या पातळ फ्लेक्समधून आरपार आलं. आधी लाल अक्षरं उमटली, उलटी. मग मिशा. मग हळूहळू दोन्ही नेते बायांच्या डोक्यावर उतरले, एकमेकांत शिवलेले. एकाच्या गळ्यात दुसऱ्याचे जोडलेले हात, दुसऱ्याच्या कपाळावर पहिल्याचा चष्मा. त्यांचे रंग खाली पापडांवर पडले. कोपऱ्यातली एक म्हातारी हातातलं लाटणं तसंच धरून वर बघत म्हणाली, 'आता गं बया, ह्यांचं लगीन कवा झालं?'

बाया हसायला लागल्या त्या थांबेनात. शकूमावशी पदर तोंडात धरून हसत होती. मॅडम मात्र वर बघत होत्या आणि त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. त्यांना हे हवं होतं की नको होतं, मला आजही सांगता येणार नाही. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि त्याखाली दोन ओळी लिहून तो पुढे पाठवला.

दुपार कलायच्या आत माणसं आली. आधी एका बाजूची, मग दुसऱ्या बाजूची. आपल्या नेत्याची विटंबना झाली, असं दोघांचंही म्हणणं होतं. बाहेर उन्हात उभं राहवेना म्हणून ते बोलत बोलत सावलीत आले आणि दोन्ही बाजू त्या फ्लेक्सखाली खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. 'ह्याचा अर्थ काय?' म्हणून सगळे मॅडमना विचारू लागले. मॅडम वरच बघत होत्या. मग कुणीतरी माझ्याकडे बोट केलं. 'ह्या ताई शिकलेल्या हायेत, पुण्याच्या. त्या सांगत्याल.' एवढ्या लोकांनी एकदम माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

'मलाही नीट कळलेलं नाही,' मी म्हटलं. तेच खरं होतं.

'एवढं शिकून?'

'हो.'

एकजण हसला, आणि त्याच्या शेजारचा, दुसऱ्या बाजूचा, तोही हसला. वाटलं की निभावलं. पण तेवढ्यात अमोल वरून उतरला आणि कुणाशीही न बोलता त्याने मॅडमच्या खिडकीच्या गाठी सोडल्या. सावलीची एक बाजू खाली आली, बाया पोळपाटं घेऊन उठल्या, पीठ धुळीत सांडलं. मॅडम त्याच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. संदीप आपल्या बाजूच्या गाठी सोडायला गेला, तर शकूमावशी खिडकीला पाठ लावून उभी राहिली.

'हात लावू नगंस. माझी गाठ हाय. मला वाटंल तवा सोडीन.'

माणसं पांगली. फ्लेक्स एका बाजूने लोंबत राहिला. शकूमावशी गल्लीतलं सांडलेलं पीठ गोळा करत मॅडमच्या पायांपर्यंत आली आणि वर न बघता म्हणाली, 'आता बी च्याच करीत हुतीस का?'

मॅडमनी पाय मागे घेतले. दार पुन्हा लोटलं गेलं. या खेपेला लोटणाऱ्या मॅडम होत्या.

मी यावर खूप विचार केला आहे. ज्या बाईने आठवडेच्या आठवडे बसून दोन बाजू दाभणाने एकमेकींना शिवल्या, तिला पुतण्याला 'थांब' एवढा एक शब्द म्हणता आला नाही. मग ते शिवणं काय होतं? न बोलता येणाऱ्या माणसाचं बोलणं, असं मी एकदा टिपणात लिहिलं आणि खोडलं. ते वाक्य मला मॅडमपेक्षा माझ्याबद्दल वाटायला लागलं होतं.

जूनमध्ये शाळेने मॅडमना कळवलं की यंदापासून ड्रॉइंगचा तास ऑनलाइन होणार आहे, त्यामुळे त्यांनी येण्याची गरज नाही. कारण एवढंच दिलं. मॅडम मुलीकडे राजूरला जायला निघाल्या. मी स्टँडवर सोडायला गेले. त्यांच्याकडे एक पेटी होती आणि एक रिकामी फ्रेम, जिला मागे पुठ्ठा नव्हता, नुसती आरपार काच होती. बसच्या पुढच्या पाटीवर जिल्ह्याचं नवं नाव होतं आणि मागच्या पाटीवर अजून जुनंच राहिलं होतं. मॅडम बसला वळसा घालून मागे जाऊन बघून आल्या, मग चढल्या. 'शकूमावशीला काय निरोप?' मी विचारलं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, 'तिकडं पाऊस लई आसतो म्हनत्यात. रंग वाळत न्हाईत लवकर.' बस गेली. निरोप नव्हता.

पुण्याहून मैत्रिणीचे फोन येत राहिले. व्हिडिओ तिथपर्यंत पोचला होता आणि त्यांना ते काम हवंच होतं. मी शकूमावशीकडे मागायला गेले. फ्लेक्स तिने शेळ्यांच्या खोपटावर टाकला होता, चेहरे वर करून.

'न्हाई देनार,' ती म्हणाली. 'तिला म्हनावं, येऊन घेऊन जा.'

मी मैत्रिणीला कळवलं की काम सध्या वापरात आहे. 'वापरात म्हणजे?' तिने विचारलं. मला इंग्रजीतही उत्तर आलं नाही आणि मराठीतही.

यंदा चैत्रात शकूमावशीने मला बोलावून घेतलं. ती खोपटावरून फ्लेक्स काढून झटकत होती. वर्षभराच्या उन्हापावसाने त्याच्यावरचं सगळं फिकं, निळसर झालेलं. कुठे एखादी भुवई, कुठे अर्धं अक्षर.

'नेते कुठे गेले, मावशी?'

'उन्हानं खाल्ले दोघंबी.' तिने आपल्या खिडकीला दोन गाठी मारल्या आणि उरलेल्या दोऱ्या माझ्या हातात दिल्या. 'तिच्या खिडकीला बांध. तुझा हात पोचतो.'

'त्यांना विचारू का आधी?'

'बांध, मग इचार.'

मॅडमची खिडकी बंद होती, गजांवर धूळ होती. मी बांधलं. फोटो काढून मॅडमना पाठवला तर लगेच त्यांचा फोन आला. फ्लेक्सबद्दल, चेहऱ्यांबद्दल काहीच नाही. 'माझ्या खिडकीला कुनी बांधलं?' एवढंच. मी सांगत होते तेवढ्यात जिन्यावरून अमोल उतरला.

'आमच्या घराला कशाला ते? काकू हितं न्हाईत. सोडा.'

तो गाठीकडे वळला. मी मध्ये उभी होते आणि काय करावं ते मला समजत नव्हतं, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्याच्यासमोर धरला. 'मॅडम, अमोल गाठ सोडतोय,' मी म्हटलं.

पलीकडे राजूरचा पंखा किंवा वारा ऐकू येत होता. गल्लीत बायांनी पोळपाटं मांडलेली, सगळ्या थांबल्या होत्या. शकूमावशीने लाटी हातात धरली होती आणि ती फोनकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. मी फोन आणखी पुढे केला.

'अमोल,' मॅडमचा आवाज आला. त्या आवाजात त्यांना शाळेत कुणावरही रागावलेलं मी ऐकलं नव्हतं. 'ती खिडकी माझी हाय. मोटर तुझी आसंल. खिडकी माझी. गाठ सोडायची न्हाई.'

अमोलचा हात गजावरच राहिला.  त्याने माझ्याकडे बघितलं, मग वरच्या फिकट झालेल्या फ्लेक्सकडे, जिथे आता कुणाचंच काही ओळखू येत नव्हतं, आणि तो जिना चढून गेला.

'गेला का?' मॅडमनी विचारलं.

'गेला.'

शकूमावशीने लाटी पोळपाटावर ठेवली आणि लाटणं उचललं.

'उकळला बाई तिचा च्या एकदाचा,' ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग फोनच्या दिशेने जरा वाकून, 'मास्तरीन, तुझं लाटनं हितंच ऱ्हायलंय. कवा येतीस?'